नटावरची लाल रेघ

१

आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांची दोनच बोटं निळी होती. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बाकीचा हात पांढराफटक. डॉक्टरांनी कागदावर ‘श्वास कोंडून’ एवढं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले, पण गल्लीला तेवढ्यानं थोडंच पुरतं? तिसऱ्या दिवसापर्यंत सगळीकडे झालं होतं, की म्हातारीचा हात कुणीतरी धरला होता आणि सोडला तो थेट प्राण घेऊनच.

त्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, गॅस तपासणीच्या कचेरीतून नाकबाई आल्या. हे त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत ओणव्या होऊन हुंगत फिरल्यावर कचेरीनं दुसरं काय म्हणावं? बाईंनाही त्याचा राग नव्हता. नाकावर पोट भरतंय, मग नाकावरून नाव पडलं तर बिघडलं कुठं, असं त्या म्हणत.

आज मात्र त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. आत्याबाईंच्या खोलीत गॅसचा हीटर बसवला होता तो गावातल्या सगळ्यांत जुन्या मिस्त्रींनी, बारा दिवसांपूर्वी. गॅस गळला हे उघड होतं. उद्या सकाळी अकराला सुनावणी. बाईंच्या अहवालात मिस्त्रींचा जोड सैल निघाला, तर चाळीस वर्षांचा परवाना जाणार होता आणि मागून तुरुंग येणार होता. मिस्त्रींचा एकही जोड कधी गळलेला बाईंनी पाहिला नव्हता. पण ‘कधी पाहिला नव्हता’ हे काही अहवालात लिहिता येत नाही.

स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या उतरून खाली आत्याबाईंची खोली. आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद. एक शिवणयंत्र, कापडांची गाठोडी, जमिनीवर अंथरलेली गादी आणि पश्चिमेला एकच बंद खिडकी. आत्याबाई शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भिंतीवर कात्र्या अजून मापानं ओळीत टांगलेल्या होत्या.

कपाटावर मांजर बसलं होतं. अंग फुगवून, मान खाली घालून ते जमिनीकडे टक लावून पाहत होतं. बाईंनी जमिनीकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

‘‘त्या दिवसापासून उतरलं नाही ते,’’ दारातून आवाज आला. ही भाचेसून, आत्याबाईंच्या भाच्याची बायको. दोघं वरच्या मजल्यावर राहत. ती पायरीवरच उभी होती, उंबरा काही ओलांडत नव्हती. ‘‘वरच दूध ठेवते त्याला. मॅडम, तुमचं काय ते चारच्या आत आटपा हं.’’

‘‘का? चारला काय आहे?’’

तिनं आवाज खाली आणला. ‘‘चार वाजता त्या येतात.’’

२

नाकबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. सिलिंडर त्याच दिवशी काढून नेलेला, नळी रिकामी, हीटर थंडगार. या खोलीत गॅस असायला काही कारणच नव्हतं.

चारला दोन मिनिटं असताना खिडकीच्या काचेतून ऊन आत आलं. गादीवर पडलं, गाठोड्यांवर चढलं. आणि मग तो वास आला. आधी पुसट, मग चांगला घशाशी येणारा, कुजक्या कांद्यासारखा. कपाटावरचं मांजर फिस्कारलं. दारातली भाचेसून ‘‘अगं बाई, आल्या!’’ म्हणत वर पळाली.

बाईंच्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगा? बावीस वर्षांत रिकाम्या नळीचा वास त्यांना पहिल्यांदाच येत होता. पण भीती वाटली तरी नाक थांबत नाही. त्यांनी दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडकी उघडली, आणि गुडघे टेकून हुंगायला लागल्या. गादीला वास होता. खालच्या गाठोड्यांना होता. वरच्या गाठोड्याला नव्हता. शिवणयंत्राच्या पायडलवरच्या कापडाला होता, वरच्या फळीवरच्या कापडाला नव्हता.

‘‘अस्सं,’’ बाई स्वतःशीच म्हणाल्या.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागा भरत जातो. इथं तो गुडघाभर साचला होता, कापडात मुरला होता, आणि ऊन लागलं की कापड वास परत सोडत होतं. म्हणजे चारला येणारी व्यक्ती सूर्यनारायण होती. मांजरालाही कुणी दिसत नव्हतं. जमीन विषारी झाल्यावर ते उंचावर चढलं आणि तिथंच राहिलं, एवढंच. बिचाऱ्या आत्याबाई मात्र जमिनीवर झोपायच्या, आणि एका तापात त्यांचं वासाचं ज्ञान कायमचं गेलेलं होतं.

पण मग खालची जाळी? खोलगट खोलीत भिंतीला अगदी जमिनीलगत भोक हवंच. मागचं अंगण आणखी उताराला होतं, गळलेला गॅस त्यातून बाहेर वाहून जायला हवा होता. बाईंनी गाठोडं बाजूला केलं.

जाळी बंद होती. चिंधी कोंबून नव्हे. बरोबर तिच्या मापाची, चारी बाजूंनी टाके घातलेली, कापूस भरलेली एक छोटी उशी तिच्यात घट्ट बसवलेली होती. ती काढायला बाईंना नखं लावावी लागली.

कुणीतरी माप घेऊन मरणाची तयारी केली होती.

३

आता जोड. बाहेरच्या अंगणातल्या सिलिंडरच्या जागेपासून तांब्याची नळी भिंतीतून आत येत होती आणि कोपऱ्यात, हीटरच्या अलीकडे, पितळी कॉकला नटानं जोडलेली होती. नळी दिसत नव्हती, कारण तिच्यावर करड्या कापडाची सुबक खोळ होती, दोन्ही टोकांना दोरीनं आवळलेली. घर शिवणबाईंचं, त्यात नवल ते काय, म्हणून नाकबाई पुढे सरकल्या.

मिस्त्रींची एक पद्धत साऱ्या गावाला माहीत होती. जोड आवळला, साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा आला नाही, की ते बारीक कुंचल्यानं नटावरून कॉकवर एक लाल रेघ ओढत. पुढे कुणी नट हलवला तर रेघ तुटणार, नटावरचा तुकडा एकीकडे आणि कॉकवरचा दुसरीकडे. कुणी हात लावला की रेघेनं चुगली केलीच म्हणून समजा.

बाईंनी भिंग काढलं. त्यांना मनापासून वाटत होतं, रेघ तुटलेली दिसावी.

रेघ जुळत होती. नटावरची लाल आणि कॉकवरची लाल, समोरासमोर, बिनचूक. मध्ये पितळेचा केसभर चकचकीत पट्टा होता, रेघेशेजारी निळसर डाग होता. पितळेला चढतो तसला असेल, असं बाईंनी धरलं. नटावर पान्याचा एकही ओरखडा नव्हता.

मिस्त्रींचं तपासणी कार्डही तिथंच टांगलं होतं. गॅसचा दाब दहा मिनिटं रोखला, उतरला नाही. प्रत्येक जोडाला साबण. खालची जाळी उघडी. खाली आत्याबाईंची नेटकी सही.

बाईंनी नुसत्या दोन बोटांनी नट धरला, आणि तो फिरला.

डब्याचं झाकण फिरावं इतका तो सैल होता. सैल नट आणि जुळलेली रेघ! म्हणजे मिस्त्रींनी तो आवळलाच नव्हता? कार्ड खोटं? उद्या अकरा वाजता बाईंच्या तोंडून हेच निघणार होतं, आणि ते म्हाताऱ्याच्या गळ्याला फास लावणार होतं.

४

समोरच्या खोलीत घड्याळजी भाड्यानं राहत. त्यांच्याकडे सत्तावीस घड्याळं होती आणि सगळी एकच वेळ दाखवत होती, त्यामुळे त्या खोलीत बसलं की उगाच आपलं काहीतरी राहून गेलंय असं वाटे.

‘‘बाई, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात,’’ ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस सगळ्यांत जास्त सांगतो, हा बाईंचा अनुभव.

‘‘पण विचारताच आहात तर सांगतो. त्या दिवशी नऊ चाळीसला भाचा पाना घेऊन खाली आला. दोघांची बोलाचाली झाली. नऊ त्रेचाळीसला तो वर गेला, तरातरा.’’

‘‘पाना घेऊन?’’

घड्याळजी थबकले. ‘‘नाही. हात रिकामे होते. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं.’’

‘‘आणि मांजर?’’

‘‘साडेदहाला ओरडलं. असं ओरडलं की माझ्या हातातून चिमटा पडला. मग गप्पच.’’

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हीही बावीस वर्षांची कमाई होती. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून पुसत राहिले.

‘‘वास आला होता मला,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘साडेबाराला. म्हटलं, नवीन हीटर आहे, नवीन वस्तूला वास येतोच. माझ्या खोलीत नको म्हणून दार लावून घेतलं. बाई, मी दार लावून घेतलं हो.’’

सत्तावीस घड्याळं टिकटिकत राहिली. बाईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्या उठून वरच्या जिन्याकडे निघाल्या. पाना घेऊन आलेला माणूस वर होता, आणि त्यानं पोलिसांना सांगितलं होतं, की त्या सकाळी तो खाली गेलाच नव्हता.

५

भाचा हरहुन्नरी होता, म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू त्यानं एकदा उघडलेली होती. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच गॅसची शेगडी जोडली, जोड गळतोय का हे काडी ओढून पाहिलं, आणि पडद्याबरोबर भुवयाही गमावल्या. तेव्हा मिस्त्रींनी त्याला असं झाडलं होतं, की गॅसच्या नटाला पुन्हा हात लावायचा नाही अशी त्यानं शपथ घेतली. आत्याबाईंमागे घर त्याचंच होणार होतं. शपथ मोडायला घराएवढं कारण काही लहान नाही.

‘‘मी खाली गेलो नव्हतो,’’ तो म्हणाला.

‘‘नऊ चाळीस ते नऊ त्रेचाळीस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्या माणसाची सत्तावीस घड्याळं आहेत. पाना कुठं आहे?’’

दाराआडून भाचेसून म्हणाली, ‘‘देऊन टाका हो. माझ्यानं हे आता लपवून होत नाही.’’

पाना तिच्या लोकरीच्या डब्यातून निघाला. त्याच्या जबड्यावर दोन्ही बाजूंनी कापडाची पट्टी गुंडाळून टाके घातले होते.

‘‘हे तुम्ही शिवलंत?’’

‘‘मला बटण लावता येत नाही,’’ भाचा म्हणाला, आणि एकदम त्याचा बांध फुटला. ‘‘तिनंच पाना मागितला. म्हणाली, तो कोपऱ्यातला नट जरा सोडून दे, मला काम आहे. मी म्हटलं, आत्या, मी हात लावणार नाही, मिस्त्रींना बोलव. तर म्हणाली, एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला, आयुष्यभर यंत्रं उघडून साफ केलीत मी. तू दे तो पाना आणि जा. मी चिडलो. पाना टाकला आणि आलो. मॅडम, मी शपथ पाळली. नुसतं तिथं थांबलो असतो तरी… संध्याकाळी गेलो तर ती तशी पडलेली, पाना गादीशी. मला वाटलं, आता सगळे म्हणणार मीच केलं.’’

बाईंना तो खरं बोलतोय असं वाटलं. पण वाटून भागत नव्हतं. आत्याबाईंनी नट उघडला असेल, तर लाल रेघ जुळलेली कशी?

६

‘‘तुमच्या आत्याबाई ती नळीवरची खोळ कधी शिवत होत्या?’’ बाईंनी भाचेसुनेला विचारलं.

‘‘आदल्या दिवशी संपवली. उघडी नळी त्यांना बघवत नसे. गार वारं येतं म्हणून जाळीलासुद्धा उशी शिवली त्यांनी. मी म्हटलं, मिस्त्रींनी जाळी उघडी ठेवायला सांगितलीय. तर म्हणाल्या, मिस्त्रींना कुठं इथं झोपायचंय?’’

मापाच्या उशीचं कोडं तिथंच सुटलं. बाई दोघांना घेऊन खाली आल्या. भाचेसूनही या वेळी उंबरा ओलांडून आली.

‘‘ही खोळ काढून दाखवा.’’

भाच्यानं दोऱ्या सोडल्या, ओढून पाहिलं. ‘‘निघत नाही. पूर्ण गोल शिवलीय. एकीकडे भिंत, दुसरीकडे कॉक.’’

‘‘मग घातली कशी?’’

त्याचा हात नटावर गेला.

‘‘नट सोडायचा, नळीचं टोक मोकळं करायचं, त्यावरून खोळ चढवायची आणि नट परत लावायचा. दुसरी वाट नाही. मिस्त्री गेले तेव्हा नळी उघडी होती. म्हणजे नट नंतर उघडला गेला, पाना आला त्या सकाळी. मांजर साडेदहाला वर चढलं, म्हणजे गळती तेव्हा सुरू झाली.’’

‘‘पण रेघ?’’

बाईंनी रेघेशेजारचा तो निळसर डाग अंगठ्यानं घासला. पितळेचा डाग असा निघत नाही. हा अंगठ्यावर उतरला, मेणचट, निळा. कापडावर खुणा करायचा शिवणाचा मेणखडू, पाण्यानं न जाणारा. तो चिमटीत धरला की अंगठा आणि शेजारचं बोट, एवढंच निळं होतं.

‘‘कोपऱ्यात अंधार. लाल रेघ त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी शेजारी आपली निळी खूण केली. शिवणाऱ्या माणसाची सवय ती. दोन कापडं जोडायची तर खुणेला खूण लावायची, आणि खूण जुळली की थांबायचं. एक सूत पुढे गेलं तर शिवण बिघडते. पान्याला पट्टी शिवून, ओरखडा न पाडता त्यांनी नट फिरवला, रेघ रेघेसमोर आणली आणि थांबल्या. नळीचं काम करणारा असं कधी करणार नाही. तो नट घट्ट होईपर्यंत आवळतो, रेघ कुठंही जावो. भाचेसाहेब, हे तुम्ही केलं असतंत तर रेघ हमखास वाकडी असती.’’

‘‘पण जुळली म्हणजे नट मूळ जागी आला ना?’’

‘‘एका फेऱ्यात रेघ एकदा जुळते. दोन फेरे आधी, एक फेरा आधी, आणि मूळ जागी, प्रत्येक वेळी जुळते. हा चकचकीत पट्टा बघा. कॉकवरचा मिस्त्रींचा रंग नटाच्या कडेला चिकटून सुरू होत होता. आता कड आणि रंग यांच्यात एका आट्याएवढं कोरं पितळ आहे. नट पूर्ण एक फेरा कमी फिरलाय.’’

त्यांनी नट बोटांनीच काढला. आट्यांत खोळीचा एक करडा दोरा दाबून बसला होता.

‘‘आवळताना हा आडवा आला, म्हणून तो हाताला घट्ट लागला असेल; उलटा मात्र सैलच फिरतो. रेघ जुळली, हाताला घट्ट लागलं, सिलिंडर चालू केला, जेवून दार लावून झोपल्या. साबणाचा हात फिरवला असता तर फेस आला असता. नाकानं तर त्यांना सांगणं शक्यच नव्हतं.’’

भाचेसून तोंडाला पदर लावून रडायला लागली. भाचा गादीच्या कडेला बसला. खोलीतला वास एव्हाना उघड्या खिडकीतून गेला होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नाकबाई मिस्त्रींच्या दुकानात पोचल्या. मिस्त्री धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसले होते. चेहरा असा, की सुनावणी होऊनच गेलीय.

‘‘सुटलात,’’ बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता आणि तो लपत नव्हता. ‘‘जोड तुमचा पक्काच होता. आत्याबाईंनी स्वतः उघडला. सगळं सिद्ध होतंय.’’ आणि त्यांनी अहवाल पुढे केला.

मिस्त्रींनी तो सावकाश वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘त्यांनी रेघ जुळवली होती?’’

‘‘बिनचूक.’’

मिस्त्रींनी कागद खाली ठेवला. ‘‘बाई, त्यांनी मला विचारलं होतं, मिस्त्री, ही रेघ कशाला? मला पुढच्या कामाची घाई होती. पेटी उचलता उचलता म्हटलं, रेघ जुळलेली दिसली की समजायचं जोड पक्का, खुशाल झोपा. एवढंच बोललो. जोड एकदा उघडला की रेघेला काही अर्थ नाही, मला बोलवा, हे नाही सांगितलं.’’

बाहेरच्या रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

‘‘हे अहवालात नाही,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि मीही तुम्हांला विचारलेलं नाही.’’ बाईंनी घाईघाईनं कागद उचलला. ‘‘चला, अकराला पोचायचंय.’’

‘‘मग विचारा ना.’’

‘‘मिस्त्री, परवाना जाईल. निदान वर्षभर तरी नक्की.’’

‘‘गेला तर गेला. गावात माझ्या किती रेघा आहेत, ठाऊक आहे? प्रत्येक घरात मी तेच वाक्य टाकून आलोय.’’

नाकबाई दुसरं स्टूल ओढून बसल्या, अहवालाचं शेवटचं पान उलटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

‘‘जोड दिल्यावर तुम्ही घरमालकिणीला नेमकं काय सांगितलंत?’’

मिस्त्री सांगू लागले, शब्द न शब्द. या खेपेला त्यांना घाई नव्हती.